साळवे नानांना चांगलं ऐकू येतं

साळवे नाना बहिरे आहेत हे मला पहिली दोन वर्षं कळलंच नव्हतं. कळलं तेसुद्धा लाइट गेली म्हणून.

भोसरीच्या आमच्या कारखान्यात तेव्हा प्रेस शॉप होतं. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या अवजड यंत्रांची लांब रांग, आणि रांगेच्या टोकाला सगळ्यात जुन्या प्रेसवर विश्वनाथ साळवे. मी क्वालिटीत. प्रत्येक शिफ्टचा पहिला नग तपासायचा आणि ‘चालू करा’ म्हणायचं, हे माझं काम. म्हणायचं म्हणजे ओरडायचं. त्या शॉपमध्ये कुणी बोलत नसे, सगळे ओरडत. आणि ओरडूनही पोचत नसे म्हणून हात, भुवया, मान, जे काही हलवता येतं ते हलवत. नाना या भाषेत उस्ताद. मी टेबलापाशी नग हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला की तिकडून त्यांची मान प्रश्नार्थक वर जायची : धार राहिली का? मी नुसतं तोंड वाकडं केलं की ते प्रेस थांबवून कामाला लागलेले असायचे. माझं वाक्य तोंडात यायच्या आधीच त्यांच्यापर्यंत गेलेलं असे. मला वाटायचं, या माणसाचे कान भलतेच तिखट आहेत.

एका दुपारी लाइट गेली. सगळ्या प्रेस एकदम थांबल्या. अशा वेळी माणसं आपोआप आवाज खाली आणतात. नाना माझ्याकडे पाठ करून हात पुसत उभे होते. मी मागून साध्या आवाजात म्हणाले, “नाना, सकाळचा क्रेट बाजूला काढलाय, तो परत बघावा लागेल.” काही नाही. पुन्हा म्हणाले. काही नाही. मला वाटलं, चिडलेत. शेवटी शेजारच्या प्रेसवरच्या शिंदेनं चिंधीचा गोळा करून त्यांच्या पाठीवर फेकला. नाना वळले. माझा चेहरा बघितला, माझ्या पायापाशी ठेवलेला क्रेट बघितला आणि म्हणाले, “व्हय व्हय, परत बगतो ना सगळा.”

उत्तर अगदी बरोबर होतं. शिंदे मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, तुम्ही काही बघितलं नाही. काय?”

गोंगाटात सगळेच बहिरे असतात. तिथे नाना कुणापेक्षा कमी नव्हते, उलट चार पावलं पुढेच होते. शांतता झाली की मात्र ते उघडे पडत. म्हणून लाइट गेली रे गेली की ते हात धुवायला निघून जात आणि प्रेस सुरू झाल्याचा धक्का जमिनीतून पायाला लागला की परत येत. हे एकदा कळल्यावर मी त्यांच्याकडे लक्ष ठेवू लागले. कँटीनमध्ये ते नेहमी भिंतीला पाठ लावून बसत, म्हणजे मागून कुणी बोलणार नाही. चालताना माणसाच्या किंचित पुढे चालत आणि तोंड मागे वळवून ठेवत. फोन कधी कानाला लावत नसत. वाजला की शेजारच्याला देत आणि म्हणत, “माणसाचं तोंड दिसत न्हाई तिथं बोलणं कसलं?” लोकांना वाटे, जुन्या वळणाचा माणूस आहे.

पुढे माझ्यावर विश्वास बसल्यावर त्यांनीच एकदा कँटीनमध्ये मला त्यांची विद्या सांगितली. विद्या हा माझा शब्द. ते त्याला काहीच म्हणत नसत.

“आता पास म्हणा, मॅडम,” ते म्हणाले. “सकाळी गेटवर कुणी म्हणलं पास, तर बसचा पास. तुमच्या टेबलापाशी म्हणलं, तर नग पास. सुपरवायजरपुढं मान खाली घालून म्हणलं, तर गेटपास, गडी लवकर घरी निघालाय. आन हातात पेढ्याचा बॉक्स घिऊन म्हणलं, तर पोरगं पास. आता मला सांगा, यात कान कुटं लागला?”

मी हसले. ते हसले नाहीत.

“तुमी कानवाली माणसं बी हेच करता. फकस्त तुमाला ठावं न्हाई. मला ठावं हाय, कारण मला करावं लागतं.”

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती वाक्य संपू देण्याची. मधला शब्द सुटला तरी घाबरायचं नाही, थांबायचं. “माणूस पुढं बोलतच असतोय. पुढचा शब्द मागचा काय व्हता ते सांगतोय. लोकं मधीच उत्तर देत्यात, म्हणून तर भांडणं व्हत्यात.” या थांबण्यामुळे झालं असं, की नानांची ख्याती पसरली. साळवे नाना शांतपणे ऐकून घेतात. बायकोशी न पटणारे, भावाने जमीन लाटलेले, गावाकडे म्हातारी आजारी असलेले, सगळे चहाच्या सुट्टीत नानांपाशी. अख्ख्या शॉपचं दुःख त्या माणसाच्या कानात ओतलं जात होतं आणि त्यातलं निम्मं बाहेर सांडत होतं. नाना समोरच्याच्या चेहऱ्यावरून डोळे हलवत नसत. शेवटी “खरंय” तरी म्हणत, नाहीतर “तसं नसतं बघ” म्हणत. एवढ्यावर माणसं हलकी होऊन जात. यात नानांची हुशारी किती आणि माणसांचं तेच ते रडगाणं किती, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

आता कान कसे गेले ते सांगते. त्यात गूढ काही नाही. प्रेसशेजारी आयुष्य काढलं की कान जातात. कानात घालायचे बोळे कंपनी वाटत असे, पण ऑडिटच्या दिवशी. पाहुणे आले की सगळ्यांच्या कानांत केशरी बोळे, पाहुणे गेले की बोळे परत खोक्यात. वर्षातून एकदा कान तपासायची गाडी यायची. गाडीत काचेची केबिन. आत बसायचं, हेडफोन लावायचा, हातात बटण धरायचं आणि आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे यंत्र चालवणारी एक मुलगी. यात जो नापास होईल तो प्रेसवरून पॅकिंगला. पॅकिंगला ओव्हरटाइम नाही, आणि पॅकिंगला पाठवलेला माणूस पुढच्या कपातीत पहिला, हे सगळ्यांना माहीत.

म्हणून प्रेस शॉपची एक रीत होती. रांग लावताना एक कानवाला, एक बिनकानाचा, अशी लावायची. बिनकानाचा आत बसला की त्याच्या पुढच्या नंबरच्या माणसाने गाडीच्या दारात, त्या मुलीच्या पाठीमागे उभं राहायचं, आणि तिने आवाज सोडायला बोट हलवलं की आपली कॉलर नीट करायची. आतल्याने कॉलर बघून बटण दाबायचं. नव्या माणसाला यंत्र शिकवायच्या आधी ही रीत शिकवली जायची. सेफ्टीचे साहेब रांगेपाशीच उभे असत. ते काही आंधळे नव्हते. पण हवा तोच निकाल लागत असताना माणसाने कशाला बघावं? दरवर्षी नोटीस बोर्डावर लागायचं की प्रेस शॉपमधल्या सर्व कामगारांची श्रवणशक्ती उत्तम आहे. मी जेवून येताना ते वाचायचे आणि माझा जळफळाट व्हायचा. अजूनही होतो.

नानांना तर कॉलरचीही गरज नसे. “ती पोरगी आवाज सोडताना खालचा ओठ दुमडती,” ते म्हणत. “दारातला गडी इसरंल, ती न्हाई इसरत.” हे सांगताना त्यांच्या तोंडावर जो अभिमान दिसे तो मला आवडत नसे. पण माणसाला अभिमान कशाचा तरी हवा असतो, आणि त्यांच्याकडून बाकी सगळं काढून घेतलेलं होतं.

नानांच्या विद्येला एकच अडचण होती. समोरच्याने अपेक्षेबाहेरचं काही बोलायचं नाही. दिघीतल्या त्यांच्या घरी एका संध्याकाळी नेमकं तेच झालं. हे मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने सांगितलं. त्यांची मुलगी स्मिता कॉम्प्युटरच्या नोकरीत लागली होती. ती रोज त्या वेळी चप्पल घालता घालता विचारायची, “पप्पा, कोपऱ्यावर जातेय, काही आणू का?” त्या दिवशी तिने चप्पल घातली आणि दारात उभी राहून, जमिनीकडे बघत सांगितलं की ऑफिसातल्या एका मुलाशी तिने लग्न करायचं ठरवलंय, मुलगा आपल्यातला नाही, आणि पप्पांचं काय म्हणणं आहे.

नाना म्हणाले, “येताना दूध आण.”

स्मिता दूध घेऊन आली आणि त्यानंतर कितीतरी दिवस बापाशी बोलली नाही. बापाला ऐकायला कमी येतं हे तिला माहीत होतं, पण किती कमी, ते त्यांनी घरातही कधी कळू दिलं नव्हतं. काकूंनी नंतर त्यांना समोर बसवून सगळं समजावलं तेव्हा ते हादरले. काकू म्हणाल्या, “जाऊन सांगा की तिला, ऐकू आलं नव्हतं म्हणून.” नाना गेले नाहीत. लग्नाला हो म्हणाले, उभे राहून लग्न लावून दिलं, जावयाशी नीट वागले, पण ती संध्याकाळ त्यांनी तशीच राहू दिली. “दगडाच्या काळजाचा म्हणती तर म्हणू दे,” काकूंना म्हणाले. “भैरा म्हणायला नको.” स्मिता पिंपळे सौदागरला राहायला गेली आणि सणावाराला येत राहिली. येताना दरवेळी दूध आणायची. प्रेमाने की टोचायला, ते काकूंना कधी कळलं नाही.

मग कंपनी चाकणला गेली. नवी शेड, नव्या प्रेस, आणि माणसाच्या जागी यंत्राचे हात. मला बदली मिळाली. जुन्या गड्यांना गोड बोलून घरी पाठवलं, त्यात नाना होते. घरी बसल्यावर त्यांची खरी पंचाईत झाली. दिघीला त्यांचं घर लष्कराच्या जागेला लागून आहे, तिकडे दिवसभर चिटपाखरू नसतं. बाहेर शांतता आणि कानाच्या आत सतत घूं घूं. “माझी प्रेस काय बंद पडली न्हाई,” ते म्हणायचे.

शिंदे तेव्हा युनियनचं काम बघत होता. त्याने डोक्यात घेतलं की नानांचे कान कामामुळे गेले असा दावा लावायचा. वैद्यकीय मंडळाने मान्य केलं तर महिन्याला काहीतरी मिळणार होतं. नाना वर्षभर नाहीच म्हणत होते. बहिरेपण लपवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याने आता चार माणसांत जाऊन ते सांगायचं, हे त्यांच्या गळी उतरेना. शेवटी तयार झाले, ते शिंदेमुळे नाही. मी गेले होते तेव्हा एकदम म्हणाले, “पैसं मिळत्याल तवा मिळत्याल. पण मॅडम, कुणीतरी एकदा म्हणावं ना, की ह्यो माणूस कामावर भैरा झाला. म्हणजे पोरीला बी कळंल.” तेव्हा मला कळलं की त्यांना मंडळाकडून नेमकं काय हवंय. जे तोंडाने मुलीला सांगता येत नव्हतं ते सरकारी शिक्क्याने सांगायचं होतं.

मंडळापुढे जायच्या आदल्या दिवशी शिंदेनं त्यांची तयारी करून घेतली. मी आणि काकू बघत होतो. शिंदे म्हणाला, “नाना, उद्या कळलं तरी कळलं नाही म्हणायचं. नुसतं ‘आं?’ करायचं. चला, करून दाखवा. तुमचं नाव...”

“विश्वनाथ तुकाराम साळवे,” नाना म्हणाले.

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. शिंदेनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या वेळी नाना भडकले. “कळल्यालं कळलं न्हाई म्हणू? ते खोटं हाय.”

“आणि इतकी वर्षं न कळलेलं कळलं म्हणालात, ते काय होतं हो नाना?”

“ते काम व्हतं,” नाना म्हणाले.

शिंदेला दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. काकू आणि मी नानांबरोबर गेलो. खोलीत टेबलामागे दोन डॉक्टर आणि एक क्लार्क. मोठ्या डॉक्टरांपुढे दोन्हीकडचे कागद होते. एका ताज्या तपासणीत कान गेल्याचं आलं होतं, आणि कंपनीने पाठवलेल्या साऱ्या जुन्या तपासण्यांत कान ठणठणीत. म्हणजे माणूस एकतर तेव्हा खोटं बोलत होता किंवा आता बोलतोय. डॉक्टरांनी ते तोंडाने म्हटलं नाही. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, किती वर्षं कुठल्या खात्यात होतात ते विचारलं. नानांनी एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखी धडाधड उत्तरं दिली. मी काकूंचा हात धरला. अशा ठिकाणी दुसरं काय विचारतात? नाव, गाव, काम, त्रास. नानांनी प्रश्न ऐकलेच नव्हते, ते फक्त क्रमाने येत गेले. मग डॉक्टरांनी फाइल उचलली, नाकासमोर धरली, आणि वाचत असल्यासारखं करून फाइलमागून हळूच म्हणाले, “साळवे, जरा तो पंखा बंद करता का?”

आता बरं झालं, असं मला वाटलं. तोंड झाकलेलं होतं. ओठ दिसत नव्हते.

पण टेबलावरचे कागद फडफडत होते. क्लार्कने त्यांवर पालथा हात ठेवला आणि त्याची नजर क्षणभर वर, पंख्याकडे गेली. नाना उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं. परत येऊन बसले आणि, देवा, जरासं हसले. आपलं कसब दाखवल्यावर माणूस हसतो तसं.

डॉक्टरांनी फाइल खाली ठेवली. क्लार्ककडे मान वळवून, लिहून घे अशा आवाजात म्हणाले, “यांना चांगलं ऐकू येतं.”

मला राहवलं नाही. म्हटलं, “साहेब, त्यांना तुमचं बोलणं कळलं नाही. त्यांनी कागद उडताना बघितले, यांचा हात बघितला. गेली कित्येक वर्षं ते असंच करतात.”

डॉक्टर माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाले, “असेलही. पण मॅडम, न ऐकता ज्याला सगळं कळतं, त्याचं नुकसान नेमकं काय झालं ते मी कसं लिहू?”

यावर माझ्याकडे उत्तर आज आहे. माणूस आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, घरातसुद्धा एक क्षण सैल बसला नाही, पोटच्या पोरीचं सगळ्यात मोठं वाक्य त्याच्या हातून गेलं, हे नुकसान नाही तर काय आहे? पण शहाणपण घरी आल्यावर सुचतं, आणि तोवर लिहून झालेलं असतं.

गंमत अशी, की त्या खोलीत डॉक्टरांचं ते वाक्य सगळ्यांना ऐकू आलं, एकट्या नानांना नाही. डॉक्टरांची मान वळलेली होती. बाहेर आल्यावर नाना खुशीत होते. “बरा माणूस हाय,” म्हणाले. “नीट विचारतोय. हसला बी.” माझी स्कूटर लावली होती तिथे जाईपर्यंत त्यांनी ठरवूनही टाकलं होतं, की कागद आला की आधी स्मिताला दाखवायचा.

काकूंनी त्यांना थांबवलं, समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, नाही म्हणाले ते. नामंजूर केलं.”

“हां,” नाना म्हणाले. “परत कदी बोलावलंय?”

काकूंनी पुन्हा सांगितलं. नानांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, “पाय दुखत्यात का? रिक्षा करू.” काकू रडायला लागल्या आणि रडत रडत, एक एक शब्द सुटा करून बोलल्या : “तुम्हाला. ऐकू. येतं. असं. म्हणाले.” एवढं सोपं वाक्य नानांना लागेना. इतक्या वर्षांत त्यांनी हेच वाक्य लोकांकडून वदवून घेतलं होतं. त्या दिवशी ते येईल असं त्यांनी धरलं नव्हतं. मग हळूहळू चेहरा बदलला. “पंखा?” एवढंच त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यानंतर काकूंना रिक्षात बसवून दिलं आणि नाना स्कूटरवर माझ्या मागे बसून घरापर्यंत आले.

शिंदेनं अपील करायचं म्हटलं, नानांनी नको म्हणून हात हलवला. चाकणच्या बसच्या वेळा आणि शिफ्ट यांतून मला दिघीला जाणं जमेना. जमलं तेव्हा रविवार होता. नाना दारातल्या खुर्चीत बसले होते. मी समोर स्टूल ओढून बसले आणि सवयीप्रमाणे तोंड नीट दिसेल असं धरून, कारखान्याचं, शिंदेचं, माझ्या पोरांचं सांगू लागले. नाना स्वतःच्या पायांकडे बघत होते. मला वाटलं, अजून सुरुवात झाली हे त्यांना कळलं नाही. मी गुडघ्याला हात लावला. त्यांनी हात बघितला, वर बघितलं नाही.

“हे असंच,” काकू आतून म्हणाल्या. “कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत आता. स्मिता आली, तासभर बोलत बसली. भिंतीकडे बघत होते.”

आता त्यांना कुठल्याही मंडळापुढे नेऊन बसवलं तर दावा नक्की मंजूर होईल, असं माझ्या मनात आलं आणि माझीच मला किळस आली.

काकू चहाचा कप घेऊन आल्या. “चहा घ्या,” म्हणाल्या. मग त्यांनी नानांची हनुवटी धरली आणि त्यांचा चेहरा आपल्या चेहऱ्यासमोर आणला. नानांनी तो आणू दिला, आणि काकूंचे ओठ हलायच्या आत डोळे मिटून घेतले.